जीर्णोद्धारकर्त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई

श्रींच्या कृपेने व ग्रामस्थांच्या श्रमाने आपल्या गावच्या महादेव मंदिराचा जीर्णोद्धार आता पुरा होत आला आहे. ही स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा देणगीदारांची यादी, जमाखर्च आणि समितीचा वृत्तान्त यांच्या जोडीला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे सर्वांच्याच मनात आले. नाव सुचविण्यास कोणाला क्षणाचाही वेळ लागला नाही. देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की महाराष्ट्रात, माळव्यात, किंबहुना साऱ्या हिंदुस्थानात एकच नाव ओठावर येते. अहिल्याबाईंनी देवळे बांधली, घाट बांधले, विहिरी खोदल्या, हे शाळेतले पोरही सांगेल. बांधलेले टिकले कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि आम्हांस आज त्याचीच अधिक गरज आहे. म्हणून बाईंचे चरित्र सांगताना ह्या एका गोष्टीपाशी थोडे अधिक थांबण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी ह्या लहानशा गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. पाटलाचे घर खाऊन-पिऊन सुखी असले तरी राजवाड्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मल्हारराव होळकरांनी ह्या मुलीस पाहिले, तिची वृत्ती त्यांच्या मनात भरली आणि १७३३ साली त्यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. त्या वयात सासरी गेलेल्या मुलीचे पुढे काय होई, हे जुन्या घरांतून वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु मल्हारराव हा निराळा मनुष्य होता. स्वतः धनगराच्या घरातून केवळ मनगटाच्या जोरावर वर आलेला हा सरदार सुनेच्या हाती दौलतीचे कागद देऊ लागला. स्वतः मोहिमेवर असताना तोफखान्याची, दारूगोळ्याची, दाणावैरणीची कामे तो तिला पत्राने कळवी आणि ती चोख पार पडत.

१७५४ साली जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव कामास आले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी म्हातारपणी पदर पसरून त्यांस परतविले. पुढे मे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हाररावही गेले. गादीवर आलेला मुलगा मालेराव वर्षभरही जगला नाही. १७६७ च्या आरंभी त्याचा अंत झाला. नवरा, सासरा, मुलगा अशी तीन माणसे तेरा वर्षांत गेली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाईंच्या हातून झालेली आरंभीची बांधकामे म्हणजे ह्या माणसांच्या छत्र्या. कुंभेरजवळ खंडेरावांची, आलमपुरास मल्हाररावांची. ज्योतिर्लिंगे, घाट आणि धर्मशाळा हे सारे नंतरचे. घरातले माणूस गेले की त्याच्या नावाने पार बांधावा, पाणपोई घालावी, ही आपल्याकडची जुनी रीत. बाईंचा दगडाशी संबंध तेथूनच जडला असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मालेरावाच्या मृत्यूनंतर दौलतीचा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड याच्या मनात दत्तकाच्या नावाने कारभार आपल्या हाती राखावयाचा होता. त्याने राघोबादादांस फौजेनिशी बोलाविले. बाईंनी इतर सरदारांस पत्रे धाडली, स्वतः लढण्याची सिद्धता केली, आणि दादांस असे कळविले की आपण हरलो तर स्त्री हरली असे म्हणून कोणी हसणार नाही, पण आपण हरलात तर लोक काय म्हणतील याचा विचार करावा. दादा परत फिरले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंच्या कारभारास मान्यता दिली. फौजेचे काम तुकोजीराव होळकरांकडे सोपवून मुलकी कारभार बाईंनी आपल्याकडे ठेवला, आणि नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली. हा कारभार पुढे अठ्ठावीस वर्षे चालला.

त्यांचा दिवस कसा जाई हे सर जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. बाईंच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षांनी तो माळव्यात आला, त्यांच्या हाताखाली वागलेल्या माणसांस विचारून त्याने माहिती गोळा केली आणि १८२३ साली ती छापली. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, स्नान-पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी भोजन, दुपारी दोनच्या सुमारास दरबार तो थेट सूर्यास्तापर्यंत, आणि संध्याकाळची पूजा व फराळ आटोपल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा काम. दरबारात कोणासही येऊन गाऱ्हाणे सांगता येई. आज्ञापत्रांवर बाई आपले नाव घालीत नसत. ती श्रीशंकराच्या नावाने निघत.

आता पैशाची गोष्ट. हिशेब नीट कळल्याशिवाय बाईंच्या कार्याची थोरवी कळत नाही. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा पैसा. त्यातून फौज आणि कारभार चाले. दुसरी खासगी. १७३४ च्या सुमारास पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना निराळी जहागीर लावून दिली, तेव्हापासून हे खासगीचे उत्पन्न घरातील कर्त्या स्त्रीच्या हाती असे. गौतमाबाईंच्या मागे ते अहिल्याबाईंकडे आले. देवळे, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च बाईंनी ह्या खासगीतून केला. धर्मासाठी राज्याच्या तिजोरीत हात घातला नाही आणि राज्याच्या अडचणीसाठी धर्माचा पैसा सुखासुखी काढू दिला नाही. तुकोजीराव मोहिमेवरून पैशासाठी पत्रे लिहीत, त्यावरून दोघांत कुरबुरीही झाल्या. दोन वह्या निराळ्या ठेवणे किती जड जाते हे ज्याने एकदा तरी गावच्या उत्सवाचा हिशेब लिहिला आहे त्यास ठाऊक आहे.

बाईंच्या बांधकामांची यादी येथे देत नाही. ती देऊ लागल्यास स्मरणिकेची पाने पुरावयाची नाहीत. बदरीकेदारापासून रामेश्वरापर्यंत तीर्थ असे नाही की जेथे त्यांचा काही ना काही हात लागला नाही. काशीत विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुरे केले. त्याच्या शिखरावरील सोन्याचा पत्रा पुढे १८३० नंतरच्या दशकात महाराजा रणजितसिंहांच्या दानातून चढला. प्रभासपट्टणास जुने सोमनाथ मंदिर भग्न झाले होते. १७८३ मध्ये बाईंनी त्याच्या जवळच नवे मंदिर बांधविले आणि लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात बसविले. १९५१ साली मूळ जागी भव्य सोमनाथ मंदिराची प्रतिष्ठा झाली, तरी बाईंचे देऊळ शेजारी उभेच आहे. वेरूळचे घृष्णेश्वर, जे मालोजीराजांनी एकदा सावरले होते, ते होळकरांच्या काळात तांबड्या दगडात पुन्हा उभे राहिले.

ह्या नावांकडे एकवार नकाशा घेऊन पाहावे. वेरूळ निजामाच्या मुलखात. काशी आणि गया इंग्रज कंपनीच्या अमलात गेलेल्या. सोमनाथ दूर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर. जेथे आपली फौज नाही, आपला कमाविसदार नाही, तेथे बाईंनी देवळे बांधली. अशा देवळावर पुढे कोण लक्ष ठेवणार? भिंतीत पिंपळ उगवला तर कोण उपटणार? बाईंचे उत्तर वर्षासन हे होते. मंदिर बांधून झाले की पूजा, नंदादीप, नैवेद्य, अन्नछत्र यांसाठी दरसाल रकमा लावून द्यावयाच्या, कोठे जमीन तोडून द्यावयाची, आणि माणूस नेमावयाचा. महेश्वराहून ह्या रकमा वर्षानुवर्षे जात. दक्षिणेतील देवस्थानांस गंगेचे पाणी कावडीने दरवर्षी पोहोचत असे, तेही ह्याच व्यवस्थेतून.

गयेच्या विष्णुपद मंदिराची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण त्यात कारागिरांचा संबंध येतो. १७८७ साली बाईंनी हे मंदिर नव्याने बांधविले. काळसर दगड, खांबांचा मोठा मंडप आणि त्यावर सुमारे शंभर फूट उंचीचे अष्टकोनी शिखर. हे काम करण्यासाठी जयपूरकडून पाथरवट आणविले, असे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गयेपासून काही कोसांवर डोंगरात चांगला दगड लागला, तेथे ह्या लोकांनी पाल ठोकले. मंदिर पुरे झाले तरी सारे परत गेले नाहीत. त्या जागी वस्ती झाली, तिला पत्थरकट्टी असे नाव पडले, आणि दगडातून मूर्ती व खल-वरवंटे घडविण्याचा धंदा तेथे अजून चालतो. देऊळ बांधणाऱ्याने देवळाशेजारी ते दुरुस्त करू शकणारे हात ठेवून जावे, याहून मोठी तजवीज कोणती?

हे हात वर्षभर सारखे चालत नसत. पाथरवट, गवंडी, बेलदार, वडार यांचा धंदा ऋतूचा. दसरा झाला, पाऊस हटला, की घाणी सुरू होई. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवावयाची, वाळू घालून बैलाच्या दगडी चाकाखाली दिवसचे दिवस मळावयाची, कोठे गूळ, कोठे बेलफळाचा चिकट रस, कोठे हिरड्याचे पाणी घालावयाचे. हा चुना घाईचा नव्हे. तो ओला असताना पावसाने धुऊन जातो आणि वैशाखाच्या उन्हात एकदम वाळला तर तडकतो. म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस कामाला उत्तम. पुढे उन्हाळ्यात गोणपाट भिजवून टाकावे लागे. वैशाख-ज्येष्ठात घाणी बंद, बेलदारांची गाढवे दुसऱ्या गावच्या वाटेला लागत आणि मृग लागण्यापूर्वी परांची उतरे. नदीकाठच्या कामाला तर नदीची आज्ञा घ्यावी लागे. महेश्वरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पावसाळ्यात नर्मदेच्या पोटात जातात. पाणी उतरले की गाळ काढावयाचा, हललेला चिरा बसवावयाचा, सांधे भरावयाचे. हे काम दरसालचे. वाचकांपैकी जे महेश्वरास जाऊन आले आहेत त्यांनी तो घाट, त्यावरचा किल्ला आणि पायऱ्यांवर घासलेल्या दगडांची झळाळी पाहिली असेल. अडीचशे पावसाळे त्यावरून गेले आहेत.

बाईंच्या साऱ्या दानधर्मातही ऋतूचे भान होते, हे माल्कमच्या लिहिण्यावरून दिसते. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणी घेऊन माणसे उभी असत. थंडीच्या तोंडाशी आश्रितांना व अपंगांना पांघरुणे मिळत. महेश्वराच्या शिवारात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजण्यास बाईंचा नोकर जाई, आणि काही उभी पिके विकत घेऊन पाखरांसाठी सोडलेली असत. वरवर पाहता ह्या भाबड्या गोष्टी वाटतात. पण कोणत्या महिन्यात कोणाला कशाची नड पडते हे ज्या बाईला ठाऊक, तिच्या देवळाचा पन्हळ ज्येष्ठात तुंबलेला राहील असे वाटत नाही.

येथे विषयाला सोडून, परंतु अगदीच सोडून नव्हे, एक कबुली द्यावयाची आहे. १९९४ साली आपल्या देवळाचे एक काम निघाले होते. वर्गणी जमविण्यात प्रस्तुत लेखक पुढे होता. देऊळ जुने दिसते, ते स्वच्छ दिसावे, एवढाच विचार करून आम्ही मागल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि सभामंडपाच्या खांबांना ऑइलपेंट लावला. चार लोकांनी वाहवा केली. जुनी चुन्याची भिंत पावसाचे पाणी पिते आणि उन्हात सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आतच राहते, क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात, हे आम्हांस कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणास विचारले नाही. ह्या वेळी पाथरवटांनी गिलावा काढला तेव्हा त्याबरोबर दगडाची पाठही हातात आली. खांबांवरच्या रंगाखाली एका कीर्तिमुखाचे नाक उरले नाही. शिखराच्या सांध्यात उगवलेला पिंपळ तर आम्ही सर्वांनी वीस वर्षे खालून पाहिला, काहींनी त्यास नमस्कारही केला. भाद्रपदात तो रोपटे असताना हाताने निघाला असता. यंदा त्यासाठी शिखराचे तीन थर उतरवावे लागले, आणि समितीच्या जमाखर्चात सर्वांत मोठा आकडा त्याचाच आहे. असो.

बाईंच्या उतारवयात दुःखाने पुन्हा घर गाठले. मुलगी मुक्ताबाई तेवढी उरली होती. तिचा मुलगा नथ्याबा ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सासऱ्याच्या विनवणीने स्वतः परतलेल्या बाईंनी आता आपल्या मुलीची विनवणी केली, पण ती ऐकेना. नर्मदेच्या काठी ते सारे बाईंना डोळ्यांनी पाहावे लागले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू बांधविण्याच्या कामास लागल्या. तरुणपणी कुंभेरला जे केले तेच म्हातारपणी महेश्वरास केले. विंध्याचा उभा चढ फोडून जाम घाटाचा रस्ताही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. श्रावणाचे दिवस होते. नर्मदा भरून वाहत असणार.

त्यांच्या मागे होळकरशाहीचे दिवस फिरले. वारसांत तंटे झाले, युद्धे झाली, १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदुरास गेली. राज्य आकसले, पण खासगीची निराळी वही चालू राहिली आणि तिच्यातून दूरदूरच्या देवळांना पैसे जात राहिले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ह्या धर्मादायासाठी सरकारातून दरसाल ठरावीक रक्कम लावून देण्यात आली. ती तीन लाखांहून थोडी कमी होती. १९६२ मध्ये बाईंच्या नावाने खासगी ट्रस्ट स्थापन झाला. आता वाचकांनीच हिशेब करावा. रक्कम ठरावीक, आणि चुन्याचा, दगडाचा व गवंड्याच्या रोजाचा भाव वाढता. बाईंनी रोख वर्षासनाबरोबर जमिनी का तोडून दिल्या असतील, याचे कारण ह्यात सापडते. जमिनीचे उत्पन्न भावाबरोबर चढते.

डिसेंबर २०२१ मध्ये काशीस विश्वनाथ मंदिराभोवतीचा परिसर मोकळा करून नवे विस्तीर्ण प्रांगण झाले, त्यात बाईंचा पुतळा बसविला आहे. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा चौंडीस फार मोठी गर्दी लोटली होती.

आपल्या कामाची स्थिती ही स्मरणिका छापावयास देताना अशी आहे. वैशाखात कळसारोहण ठरले आहे. शिखर, सभामंडप व दीपमाळ यांची कामे पुरी झाली. मागल्या भिंतीवरील सिमेंट सर्व काढले असून निम्म्या भिंतीचे सांधे चुन्याने भरून झाले आहेत. उरलेली निम्मी भिंत पाथरवटांनी मुद्दाम ठेवली आहे. ह्या उन्हात ती धरावयाची नाही, असे त्यांचे मत. मृगापूर्वी ते आपल्या गावी जातील आणि दसऱ्यानंतर परत येतील. त्यांच्या मजुरीची तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. त्यापुढील दरसालच्या डागडुजीसाठी निराळी वही घातली आहे, आणि देवळाच्या पश्चिमेकडील दीड एकराचे उत्पन्न त्या वहीत जमा करावे असा ठराव समितीपुढे आहे. ग्रामसभेत त्यावर अद्याप एकमत व्हावयाचे आहे. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत दक्षिणेकडील पन्हळाची पाने काढण्याचे काम सध्या पुजारीबुवांच्या धाकट्या मुलाने आपणहून अंगावर घेतले आहे.